वावरात जळणाऱ्या डिझेलवर रस्त्याचा कर कशाला?

पेट्रोलचा विषय निघाला की यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याच्या चहाटपरीवर काय आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काय, दोनच बाजू असतात. एक म्हणते, कच्चं तेल उतरलं तरी सरकार भाव उतरवत नाही. दुसरी म्हणते, आधीच्या सरकारने तेलरोख्यांचं (तेल कंपन्यांचा तोटा भरायला रोख पैशांऐवजी दिलेल्या सरकारी रोख्यांचं) कर्ज करून ठेवलं, आणि युरोपात तर याहून महाग आहे. इथे जर्मनीत बसून ऐकताना दोघांचंही थोडंथोडं पटतं. पण ट्रॅक्टरमध्ये जळणाऱ्या डिझेलबद्दल दोघंही बोलत नाहीत, आणि विदर्भाचं खरं दुखणं तिथेच आहे.

आधी कच्च्या तेलाचा हिशेब करू. एका बॅरलमध्ये 159 लिटर. 2014 च्या मध्यावर बॅरल 100 डॉलरच्या वर होतं आणि डॉलर 60 रुपयांच्या आसपास. 100 डॉलर धरले तरी लिटरला पावणेअडतीस रुपये पडतात. 2025 मध्ये बॅरल 70 डॉलरच्या आसपास आलं, पण डॉलर 85 रुपयांवर गेला. भागाकार करून पाहा, साडेसदतीसच्या जवळपास येतात. म्हणजे बॅरलमागे 30 डॉलरची स्वस्ताई रुपयाच्या घसरणीतच जिरली. आपण 85 टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून घेतो, त्यामुळे रुपया घसरला की त्याचा चटका थेट पंपावर बसतो.

तेलाचा खर्च तिथेच राहिला, मग भाव वाढला कशाने? मुख्यतः कराने. 2014 मध्ये पेट्रोलवर केंद्राचं उत्पादन शुल्क लिटरला 9.48 रुपये होतं, डिझेलवर 3.56. मे 2020 मध्ये कोरोनामुळे जगभर तेल कोसळलं, तेव्हा ते 32.98 आणि 31.83 वर नेलं. पुढे दोनदा कपात झाली, आणि एप्रिल 2025 च्या वाढीनंतर ते 21.90 आणि 17.80 वर आलं. डिझेलवरचं शुल्क अकरा वर्षांत पाचपट झालं. 2014 पर्यंत डिझेल खर्चापेक्षा कमी भावात विकलं जायचं आणि तो तोटा कुणीतरी भरत होतंच, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवं. तेलरोखेही खोटे नाहीत, ते 1.3 लाख कोटींच्या घरातले होते. पण 2020-21 या एकाच वर्षात केंद्राला पेट्रोलियमच्या उत्पादन शुल्कातून 3 लाख कोटींहून जास्त मिळाले. रोख्यांवर सगळं ढकलता येत नाही.

राजकारणाचा हात तारखांवरून कळतो. कागदोपत्री भाव जून 2017 पासून रोज बदलायचे आहेत. पण नोव्हेंबर 2021 पासून 22 मार्च 2022 पर्यंत 137 दिवस ते हलले नाहीत. मध्ये उत्तर प्रदेशच्या निवडणुका होत्या. त्या आटोपल्यावर 16 दिवसांत लिटरमागे 10 रुपये वाढले.

आता युरोपची तुलना. 2025 मध्ये जर्मनीत पेट्रोल 1.70 युरोच्या आसपास होतं, म्हणजे दीडशे रुपयांच्या वर. पण इथलं त्या वर्षीचं किमान वेतन तासाला 12.82 युरो होतं, म्हणजे तासाभराच्या कामात सात लिटर यायचं. महाराष्ट्रात रोजगार हमीची त्याच वर्षीची मजुरी दिवसाला 312 रुपये, म्हणजे दिवसभर माती उपसून तीन लिटरही नीट यायचं नाही. शिवाय इथे एका मासिक पासात (2025 मध्ये 58 युरो) देशभरच्या लोकल गाड्या आणि बस चालतात. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी शकुंतला रेल्वे बंद पडली, एसटीच्या फेऱ्या मोजक्या. तिथे मोटरसायकल ही चैन नाही. महाग इंधनाचं समर्थन करायचं, तर आधी दुसरी सोय हवी.

आणि वावर? नांगर काही बसने जात नाही. 2025 च्या दराने डिझेल 91 रुपये लिटर धरलं तर त्यात राज्याचा 21 टक्के व्हॅट पावणेसोळा रुपये आणि केंद्राचे 17.80, मिळून साडेतेहतीस. केंद्राच्या भागात मूळ उत्पादन शुल्क जेमतेम 1.80 होतं आणि राज्यांना वाटा फक्त त्यातूनच मिळतो. बाकीच्यात 2 रुपये रस्त्यांचा उपकर आणि 4 रुपये कृषी पायाभूत सुविधा उपकर. ट्रॅक्टर वावरात चालतो, डांबरावर नाही, तरी रस्त्याचे पैसे तो भरतो. शेतीच्या नावाचा उपकरही शेतकऱ्याच्याच नांगरणीतून कापला जातो.

भारी काळ्या जमिनीत एकरी नांगरणीला 7-8 लिटर, दोन पंजीला (कल्टिव्हेटरच्या पाळ्यांना) 5-6, पेरणीला 2, सोयाबीनच्या मळणीला 3 लिटर धरले तर 18 लिटर होतात. त्यावर कर 600 रुपये. पाच एकरवाल्याचे वर्षाला 3,000. त्याला पीएम किसान आणि नमो शेतकरी मिळून 12,000 मिळतात. त्यातला चौथा हिस्सा नुसत्या मशागतीच्या करात परत जातो. माल जिनिंगवर न्यायचं भाडं वेगळंच.

जर्मनीतही शेतकऱ्याला पंपावर डिझेल स्वस्त मिळत नाही. तो सगळ्यांसारखाच भाव देतो, बिलं जपतो आणि पुढच्या वर्षी 30 सप्टेंबरपर्यंत सीमाशुल्क कार्यालयात अर्ज करतो. लिटरला 47.04 सेंट करातून 21.48 सेंट परत यायचे. डिसेंबर 2023 मध्ये सरकारने हा परतावा बंद करायचं ठरवलं, तर जानेवारीत बर्लिनमध्ये हजारो ट्रॅक्टर येऊन उभे राहिले. पुढे नव्या सरकारला तो पुन्हा द्यायचं कबूल करावं लागलं. ब्रिटन-अमेरिकेत शेतीचं डिझेल लाल रंगाचं आणि कमी कराचं असतं. आपल्याकडे ते नको. त्याला पंपावर वेगळी टाकी लागेल आणि रॉकेलच्या भेसळीचे दिवस पुन्हा येतील. परतावाच बरा.

महाराष्ट्राला हे नवीनही नाही. कोकणातल्या मच्छीमार संस्थांना बोटीच्या डिझेलवरचा विक्रीकर सरकार परत देतं. रक्कम वेळेवर मिळत नाही ही त्यांची जुनी तक्रार, पण तत्त्व मान्य आहे. बोटीला चालतं ते ट्रॅक्टरला का चालू नये?

फक्त जर्मन पद्धत जशीच्या तशी आणून भागणार नाही. आपल्याकडे बहुतेकांची वाही (मशागत) भाड्याच्या ट्रॅक्टरने होते. बिलावर परतावा दिला तर तो ट्रॅक्टरमालकाच्या खिशात जाईल आणि एकरी भाडं तेच राहील. म्हणून तो ई-पीक पाहणीतल्या (सातबारासाठी मोबाइलवरून होणाऱ्या पीकनोंदीतल्या) क्षेत्रावर, एकरी ठरावीक लिटर धरून खात्यात टाकावा. राज्याने एकट्याने नुसता व्हॅट सोडला तरी एकरी 280 रुपयांच्या वर होतात, बाकीचं केंद्राकडे मागावं. पैसे मार्चअखेर यायला हवेत, कारण उन्हाळी नांगरणी रोखीवर होते. आणि एक अडचण आधीच सोडवावी लागेल: ठोक्याने (ठरलेल्या भाड्यावर), बटईने (पिकाच्या वाट्यावर) वाहणाऱ्याचं नाव सातबारावर नसतं, तेव्हा पैसे मालकाला जातील आणि डिझेलचे पैसे मोजणारा कोरडा राहील. पीक पाहणीतच प्रत्यक्ष वाहणाऱ्याची नोंद घेतली आणि त्याला मालकी हक्काशी जोडायचं नाही असं कायद्यात लिहिलं, तर मालकही ती नोंद अडवणार नाही.