देवाला उठवण्याची ड्यूटी

देवाला झोपेतून उठवायचं तर आधी आपल्याला उठावं लागतं. धर्माच्या सगळ्या नियमांत मला जाचक वाटतो तो हा एवढाच. उपास मी आनंदाने करते, कारण साबुदाण्याची खिचडी मला आवडते. प्रदक्षिणाही घालते, नाहीतरी डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे. पण पहाटे साडेचार? एरवी त्या वेळेला मी जागी असते ती विमान पकडायचं असेल तरच. आणि तरीही गेली काही वर्षं कोजागिरी झाली की त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत महिनाभर मी काकड्याला, म्हणजे देवाला उठवायच्या पहाटेच्या आरतीला, जाते. श्रद्धेपोटी म्हणाल तर थोडीशी. आक्कांच्या धाकापोटी म्हणाल तर पुष्कळ.

आमचं गाव (सोसायटीत ‘एरिया’ म्हणतात) सिंहगड रस्त्याच्या टोकाला आहे. 2021 साली पुणे महापालिकेत जी 23 गावं घेतली, त्यांतलंच हे एक. कागदोपत्री आम्ही शहरात आलो, पाण्याचा टँकर मात्र जुन्याच वाटेने येत राहिला. गावठाणात विठ्ठलाचं देऊळ आहे आणि देवळाच्या पुढच्या बोळात आक्का राहतात. दोन मजली घर, दारात मुलाचे टेम्पो, तरी आक्का रोज आमच्या गेटपाशी पाटी घेऊन भाजी विकायला बसतात. ‘घरी बसून काय करू? सुनंच्या तोंडाकडं बघत बसू?’ असं त्यांचं म्हणणं. आमच्या दोन बिल्डिंगा जिथे उभ्या आहेत तिथे पूर्वी आक्कांचा हरभरा असायचा. त्यामुळे मेंटेनन्स आम्ही भरत असलो तरी मालकीणबाईंसारख्या त्याच वावरतात.

एकदा मी त्यांना सहज म्हटलं, ‘आक्का, मेथी संपते हो मी येईपर्यंत. उद्या जरा लवकर द्याल का?’

‘लवकर म्हंजी? काकड्याला येतीस का? देवळातच देते.’

हो म्हणायला माझं काय जात होतं? काकडा किती वाजता असतो हे मला ठाऊक नव्हतं. आजवर कोणी मेथीच्या जुडीसाठी परमार्थाला लागलं असेल असं वाटत नाही. पण आक्कांनी त्याच संध्याकाळी ‘बिल्डिंगमधल्या म्याडम येनारेत’ असं गावभर सांगून टाकलं, आणि मग परतीचा रस्ता बंद झाला.

आता वेळापत्रक बघा. कोजागिरीला रात्री बारापर्यंत गच्चीवर जागायचं, चंद्र दिसलेलं आटीव दूध प्यायचं, आणि चार तासांत पुन्हा उठून अंघोळ करून देवळात हजर. हे ज्यांनी आखलं ते नक्कीच रात्री आठला झोपणारे असणार. आक्का आठलाच झोपतात. मी आठला टीव्ही लावते.

साडेचारला आक्कांचा मिसकॉल येतो. फोन करायला आता पैसे पडत नाहीत हे त्यांना नातवाने दहादा सांगितलंय, पण वाजवायचा एकदाच आणि कापायचा, ही त्यांची रीत. परत फोन केला तर उचलत नाहीत. मग अंधारात चाचपडत अंघोळ. सोलरचं गरम पाणी नळाला येईपर्यंत बादलीभर थंड पाणी सोडावं लागतं, आणि टँकरच्या पाण्याचा भाव माहीत असलेली बाई ते सोडत नाही, अंगावर घेते. पुढे कुलूप, लिफ्ट, आणि दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा. त्याला दिवसभर कोणाचंच काही वाटत नाही, पहाटे माझ्या चपलांचं तेवढं वाटतं. गेटवर वॉचमनदादांना मी उठवते. म्हणजे देवाच्या आधी रोज एक माणूस सरावासाठी मिळतो.

पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘कोणीतरी रोज पहाटे पावणेपाचला लिफ्ट वापरत आहे. ज्येष्ठ नागरिकांची झोपमोड होते. कृपया भान ठेवावे.’ त्याला बाविसेक लोकांनी अंगठा दिला होता. मीही दिला.

देवळाच्या आवाजाबद्दल मात्र कोणी बोलू शकत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा लावायचा नाही हा 2000 सालापासूनचा नियम आमच्या भजनी मंडळाला तोंडपाठ आहे आणि ते तो काटेकोर पाळतात. चाळीस टाळांना कर्णा लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

आत गेलं की मात्र झोप जाते, आणि तीही भक्तीने नाही, गारठलेल्या फरशीमुळे. पिळलेल्या कापडाचा तुपात भिजवलेला काकडा पेटतो, विठोबाचा चेहरा उजळतो आणि मृदंगावर थाप पडते. मृदंग वाजवणारा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. कॉलेजात त्याची हजेरी भरत नाही म्हणे. इथे एक दिवस चुकत नाही. भूपाळ्या झाल्या की संतांची रूपकं सुरू होतात: आंधळा, पांगुळ, मुका, बहिरा, जोगी, वासुदेव. त्या वेळी डोळे उघडत नसतात, गुडघे वाकत नसतात, आवाज फुटत नसतो आणि शेजारचा टाळ कानात बसलेला असतो, त्यामुळे पहिले चौघे मला अगदी माझ्याच घरचे वाटतात. आक्का शाळेची पायरी चढलेल्या नाहीत, पण कशानंतर काय हे पुस्तकात बघणाऱ्या बुवांना त्याच सांगतात.

माझ्या हातातही टाळ दिले होते. दोन अभंग मृदंगवाल्याने माझ्याकडे बघितलं, तिसऱ्याला बुवांनी बघितलं, चौथ्याला आक्का कानाशी लागल्या, ‘वाजवू नगंस. नुसती हालीव.’ तेव्हापासून मी टाळ नुसते हालवते. माझ्या मागच्या रांगेतल्या एक वहिनीही हालवतात, हे मला नंतर कळलं. आमची तिथे मैत्री झाली.

पसायदान झालं की सगळे एकमेकांच्या पाया पडतात. लहानाने मोठ्याच्या, असं इथे नसतं. सत्तरीचे आजोबा चौथीतल्या मुलीच्या पायाला हात लावतात आणि ‘माउली’ म्हणतात. मला आधी फार अवघडायला व्हायचं. एकदा वाकून उठते तो समोर आमचा प्लंबर. तीन आठवडे माझा फोन न उचलणारा. तो माझ्या पायाशी, मग मी त्याच्या.

‘माउली, नळ?’ मी खालूनच विचारलं.

‘येतो माउली. आज येतो.’

आणि तो आला. विठ्ठलासमोर दिलेला शब्द, असं म्हणून पैसेही रीतसर घेतले. प्लंबर, गॅसवाला, दूधवाला आणि झेरॉक्सवाला एकाच छपराखाली, अंघोळ करून, नम्र अवस्थेत सापडायची ही एकच जागा आहे. सोसायटीच्या ग्रुपवर मी हे अजून फोडलेलं नाही.

एक शंका मला पहिल्या वर्षापासून होती. आषाढी एकादशीला देव झोपतो आणि कार्तिकी एकादशीला उठतो, म्हणून तर तिला प्रबोधिनी म्हणायचं. मग आपण आश्विन पौर्णिमेपासून, म्हणजे तो उठायच्या पंचवीस-सव्वीस दिवस आधीपासून, रोज टाळ-मृदंग बडवून त्याला का उठवतो? मी हे आक्कांना विचारलं. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘तुझा लेक एका हाकंत उठतो का?’

नाही उठत. सव्वीस हाका त्यालाही लागतात. मग मला त्या चार महिन्यांच्या झोपेबद्दल देवाचा हेवा वाटणं थांबलं. तिकडे पंढरपुरात तर कार्तिकीच्या यात्रेत त्याचा पलंगच काढून ठेवतात. लोकांना रात्रंदिवस दर्शन घेता यावं म्हणून देव तिष्ठत उभा. यात्रा सरली की मग प्रक्षाळपूजा, शिणवटा घालवायला काढा, आणि त्यानंतर पलंग. शिवाय कार्तिकीच्या महापूजेला उपमुख्यमंत्रीसुद्धा मध्यरात्रीनंतर उठून अंघोळ करून उभे असतात, हे पेपरात वाचलं की माझी उगाच बाजू भक्कम झाल्यासारखी वाटते.

या महिन्याचा एक फायदा दिवाळीत कळतो. नरक चतुर्दशीला सगळं पुणं वर्षातून एकदा पहाटे उठतं आणि त्याचे फोटो टाकतं. रेशमी साड्या नेसून, तिकिटं काढून, लोक दिवाळी पहाट ऐकायला जातात. मी तोवर उटणं लावून, काकडा करून, चहा पिऊन परत आलेली असते आणि लिफ्टमध्ये भेटेल त्याला ‘आत्ता उठलात?’ असं विचारते. महिनाभराच्या झोपेची भरपाई त्या एका प्रश्नात होते.

रोजच्या प्रसादाची पाळी लावलेली असते. एका वर्षी भिंतीवरच्या कागदावर आक्कांनी परस्पर माझं नाव लिहवून घेतलं. साठ माणसांचे पोहे. मी आयुष्यात एका वेळी सहा माणसांचे केले असतील. पाच किलो पोहे आणून ठेवले आणि हॉलमध्ये त्यांच्याकडे बघत बसले. संध्याकाळी आक्का देवळातली कढई डोक्यावर घेऊन आल्या आणि मुक्कामालाच राहिल्या. मी कांदे काढले तशा ओरडल्या, ‘चातुर्मास हाय, कांदा कसला? बटाटं सोल.’ दिवाणावर झोपा म्हटलं तर नको म्हणाल्या, खाली सतरंजी घेतली. रात्री दोनला मला जाग आली तर भिंतीला टेकून कोथिंबीर निवडत बसल्या होत्या.

‘झोप नाही आली?’

‘हितं आमची हीर व्हती,’ त्या फरशीकडे बघत म्हणाल्या. ‘तुज्या या हॉलाच्या खाली. मालक पहाटं मोट धरायचं आन् काकडा म्हनायचं. देवळात जायला टाईम नसायचा तवा.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘तू तिसऱ्या मजल्यावर हायीस. म्हंजी हिरीच्या वर लटाकलीस.’ आणि स्वतःच इतक्या हसल्या की दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा भुंकायला लागला.

मग आम्ही चहा केला. दोन वाजता, भरपूर आलं घालून. जमीन विकली तेव्हा काय काय झालं, मालक गेल्यावर वर्षभर देवळाची पायरी का चढल्या नाहीत, मग कशा चढल्या, हे सगळं त्या रात्री मी ऐकलं. त्यातलं निम्मं इथे सांगण्यासारखं नाही आणि उरलेलं सांगितलेलं त्यांना आवडणार नाही. एवढंच सांगते की मला मैत्रिणी पुष्कळ आहेत. कॉलेजच्या ग्रुपवर आहेत, योगाच्या ग्रुपवर आहेत. ह्यांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी मोबाइलवर गुलाबाची फुलं इतकी आली की फोन अडकला. आक्का मात्र भाकरी आणि झुणका घेऊन स्वतः आल्या. आयसीयूपाशी अडवणाऱ्या माणसाला ‘मी थोरली भन हाय तिची’ असं ठणकावून सांगितलं आणि माझ्या शेजारी बसल्या. मी रडायला लागले तर म्हणाल्या, ‘गप. इट्टलाला सांगितलंय मी. आपण त्याला महिनाभर रोज उठवायचं आन् त्यानं येवढं बी करू न्हाय व्हय?’ देवाशी असा रोखठोक हिशेब मला कधी जमला नाही. पण त्या रात्री मीही त्या हिशेबात माझी लिफ्टची आणि थंड पाण्याची खाती धरली, हे खरं.

पोहे उत्तम झाले. फोडणी देवळाच्या पाकघरात घातली, त्यामुळे त्या दिवशी टाळ हालवण्यापासूनही सुटका होती. भिंतीपलीकडून गौळणी ऐकू येत होत्या, हातात झारा होता, आणि प्लंबर ‘माउली, मीठ बघू का’ म्हणून डोकावून गेला. अजून एक वाटी शेव असती तर, असं बुवा म्हणाले. पुण्यात याला कौतुक म्हणतात.

त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लागतात, काल्याचं कीर्तन होतं, दहीहंडी फुटते, महाप्रसाद होतो. गेल्या खेपेला पंगतीतून उठता उठता मी हुश्श केलं आणि उद्यापासून आठपर्यंत झोपायचं असं जरा मोठ्यानेच बोलले. आक्का पत्रावळी गोळा करत होत्या. हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, ‘झोप की. दहा दीस हायेत. वद्य एकादशीला आळंदीला जायचंय. माउलींची समाधी. तुजं नाव दिलंय दिंडीत.’

‘आळंदीला? चालत?’

‘मग काय तरंगत?’

‘आक्का, इथून तीस-पस्तीस किलोमीटर आहे ते. माझे गुडघे. मी बसने येते, तिथे भेटू.’

आक्कांनी पत्रावळींचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि क्षणभर खरंच विचार केला.

‘बस हाय की,’ त्या म्हणाल्या. ‘येताना बसनीच यायचंय. निघायचं तीनला. मिसकॉल देते.’