डीफ्रॅग आधी नको

'हार्ड डिस्क हळू चालायला लागली की पहिल्यांदा डीफ्रॅग करा' हा लेखातला सल्ला अजिबात पटला नाही. डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल तर डीफ्रॅग म्हणजे फायलींचे विखुरलेले तुकडे जुळवायला तिच्याकडून रात्रभर सगळ्या फायली इकडच्या तिकडे करून घेणं. आधी गरजेचा डेटा दुसरीकडे कॉपी करा, मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून 'स्मार्ट'चे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे बघा. 'करंट पेंडिंग सेक्टर' (नीट वाचता न येणाऱ्या जागांची संख्या) शून्याच्या वर असेल तर डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि आपण विंडोजला शिव्या घालतो. 'सीआरसी एरर' (डेटाची ने-आण करताना होणाऱ्या चुका) वाढत असेल तर बिचाऱ्या डिस्कला कशाला दोष? बहुतेक वेळा डिस्क मदरबोर्डला जोडणारी साटा केबल बदलली की काम होतं. सीआरसीचा जुना आकडा खाली येत नाही, वाढायचा थांबतो, एवढंच बघायचं.

आणि कंपनाचं काय? लेखात त्याचा उल्लेखच नाही. मी कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपचे पीसी बघतो. तिथं लेथला खेटून टेबल, टेबलावर कॅबिनेट आणि त्यात दोनच स्क्रूंवर लटकलेली डिस्क. मशीन सुरू झालं की टॅली उघडायला कंटाळा येईल इतका वेळ लागतो, मशीन बंद असताना तीच डिस्क झकास पळते. डेटा वाचणारं हेड तबकडीवरच्या ट्रॅकवरून जरा ढळलं की तबकडीच्या पुढच्या फेरीची वाट बघावी लागते. ७२०० आरपीएमला (मिनिटाला ७२०० फेऱ्या) एक फेरी ८ मिलिसेकंदांच्या वर जाते, आणि असं सारखं होत राहतं. मालकांना सांगतो, आधी कॅबिनेट पलीकडच्या भिंतीला न्या, चारी स्क्रू आवळा, फॉरमॅटचं नंतर बघू.