फेस की फास

स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकविणाऱ्या माणसाला रोज काही ना काही सोसावे लागतेच. परंतु शब्दसंग्रहाच्या यादीत ‘व्होल्ट-फास’ (volte-face) हा शब्द येतो, त्या दिवशी मी वर्गात शिरण्यापूर्वीच घोटभर पाणी अधिक पितो. जाहीरपणे घेतलेली भूमिका एकाएकी सोडून नेमकी उलटी भूमिका घेणे, असा या शब्दाचा सरळ अर्थ आहे. तोंड फिरविणे या अर्थाचा इटालियनमधील ‘व्होल्टाफाच्चा’ हा त्याचा मूळ पुरुष. तेथून तो फ्रेंचमध्ये गेला आणि १९व्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत दाखल झाला. एवढा प्रवास करूनही त्याने आपले स्पेलिंग आणि आपला उच्चार यांचा मेळ काही बसवून घेतला नाही आणि त्याची किंमत सदाशिव पेठेतील एका दुसऱ्या मजल्यावर मला मोजावी लागते.

शेवटची चार अक्षरे चेहऱ्याच्या इंग्रजी शब्दाचीच असल्यामुळे मुले साहजिकच ‘व्होल्ट-फेस’ असे वाचतात. मराठी कानाला फेस म्हटले, की साबण दिसू लागतो. बरे, उच्चार सुधारून ‘फास’ सांगावा, तर मागच्या बाकावरून ‘कोणाच्या गळ्याला, सर?’ अशी पृच्छा होते. विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेऊन आलेल्यांना यातले काहीच पटत नाही. छपाईत चूक झाली असून तो शब्द ‘व्होल्ट-फेज’ असला पाहिजे आणि त्याचा संबंध थेट मीटरशी आहे, याबद्दल त्यांची खात्री असते.

खरी परीक्षा मात्र ‘वाक्यात उपयोग करा’ असे सांगितल्यावर सुरू होते, आणि ती मुलांची नसून माझी असते. ‘द रिक्षा टुक अ व्होल्ट-फास ॲट अलका टॉकीज चौक’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी लिहितेच. मी समजावतो, की रिक्षा वळते, तिला भूमिका नसते. त्यावर ‘रिक्षावाल्याला असते ना, सर?’ असा प्रश्न येतो. असते, हे मला मान्य आहे. किंबहुना ‘तिकडे येणार नाही’ ही त्याची भूमिका इतकी ठाम असते, की तिच्यात पालट झाल्याचे उदाहरण वाक्यात वापरण्यासाठीसुद्धा हाती लागत नाही. दुसऱ्या वहीत एका श्रीमंत काकांवर अचानक व्होल्ट-फास ‘हॅपन’ होते आणि त्यांचे दुकान विकले जाते. हा दैवाचा फेरा झाला. त्यासाठी इंग्रजीत ‘रिव्हर्सल ऑफ फॉर्च्युन’ असा शब्दप्रयोग आहे. व्होल्ट-फास कोणावर कोसळत नाही, ते ज्याचे त्याला करावे लागते. तिसऱ्या वहीत पाऊसच व्होल्ट-फास करतो, परंतु हवामान खात्याचे अंदाज वाचून मोठ्या झालेल्या मुलांना त्यासाठी मी फारसे बोलत नाही.

हा शब्द वापरायचा, तर तो माणूस, पक्ष किंवा सरकार आधी काय म्हणत होते आणि आता काय म्हणते, ही दोन्ही टोके वाचणाऱ्याच्या हाती द्यावी लागतात. मुले दुसरे टोक देतात आणि पहिले गिळतात. ‘द मिनिस्टर टुक व्होल्ट-फास’ असे लिहून मोकळे होणाऱ्या विद्यार्थ्याला मी ‘कशावरून?’ असे विचारले, तर तो ‘पेपरात आले होते’ असे सांगतो. मला हवे असते ते ‘ऑन द टॅक्स’ किंवा ‘ओव्हर द टॅक्स’. शिवाय व्होल्ट-फास ‘टेक’ करीत नाहीत. ‘डू’, ‘मेक’ किंवा ‘परफॉर्म’ करतात. आपल्याकडे यू-टर्नही ‘घेतात’, वळणही घेतात आणि मागे घ्यायचे विधानसुद्धा घेतातच, त्यामुळे या ‘टेक’चा उगम मला समजतो, लाल शाई तरीही वापरावी लागते.

सोपा पर्याय म्हणून यू-टर्न सुचवावा, तर तो रिक्षालाही चालतो आणि मंत्र्यांनाही, म्हणून मुले खूश होतात. ब्रिटनच्या राजकारणात तो चांगलाच रुजला, त्याला पंतप्रधान एडवर्ड हीथ यांच्या सरकारने १९७२मध्ये उद्योगधोरणात मारलेली पलटी बरीच कारणीभूत होती. आणि १९८०च्या ब्रायटन अधिवेशनात मार्गारेट थॅचर यांनी ‘तुम्हाला वळायचे तर वळा, ही बाई वळणारी नव्हे’ असे बजावले, ते त्याच आठवणीवर. ही गोष्ट वर्गाला फार आवडते, मात्र पुढच्या वहीत थॅचरबाईंनीच यू-टर्न घेतलेला असतो. भूमिकेच्या अशाच उलटापालटीसाठी अमेरिकेत वापरला जाणारा ‘फ्लिप-फ्लॉप’ सांगणे त्याहून धोक्याचे. २००४च्या अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवार जॉन केरी यांना चिडविण्यासाठी विरोधकांनी रबरी चपला हलविल्या होत्या, कारण त्या चपलांचेही तेच नाव आहे. एवढे सांगून होते न होते, तोच इलेक्ट्रॉनिक्सवाला हात वर करतो आणि फ्लिप-फ्लॉप नावाच्या एका मंडलात (सर्किटमध्ये) एक बिट साठते, अशी भर घालतो. त्याचे म्हणणे तंतोतंत बरोबर असल्यामुळे त्याला खाली बसविण्यास माझ्याकडे कारण उरत नाही.

याशिवाय ३६० अंशांचा एक जुनाट रोग आहे. भूमिका पूर्ण बदलली हे ठसविण्यासाठी मुले नेत्याला ३६० अंशांत फिरवितात आणि तो बिचारा होता त्याच जागी, होते त्याच दिशेला तोंड करून उभा राहतो. १८० पुरतात, हे पटविण्यासाठी मी एकदा फळ्यासमोर स्वतः फिरून दाखविले. प्रात्यक्षिक यशस्वी झाले, मात्र त्यानंतरची काही मिनिटे वर्गाने अभ्यासाव्यतिरिक्त कारणांसाठी लक्ष दिले.

अखेरीस एक कसोटी उपयोगी पडते. इंग्रजी शब्दाच्या जागी आपले ‘घूमजाव’ ठेवून वाक्य मराठीत मोठ्याने वाचावे. ‘मंत्र्यांचे करवाढीवरून घूमजाव’ हा मथळा सरळ उतरतो. ‘आजीच्या गुडघेदुखीने घूमजाव केले’ म्हटल्याबरोबर वर्ग हसतो, आणि जेथे वर्ग हसतो तेथे शब्द चुकलेला असतो, हे कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा लवकर कळते. ही कसोटी दिल्यापासून वह्या खरोखरच सुधारल्या आहेत. रविवारी वर्ग कदापि घेणार नाही असे वर्षारंभी जाहीर करून परीक्षा जवळ येताच मी रविवारची तुकडी सुरू केली, त्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने लिहिले, ‘आवर सर, हू वन्स रिफ्यूज्ड टू टीच ऑन संडेज, हॅज परफॉर्म्ड व्होल्ट-फास ओव्हर द संडे बॅच.’ कर्ता जिवंत होता, दोन्ही टोके जागेवर होती, क्रियापद निर्दोष होते. फक्त ‘अ’ राहिला होता. तो मी लाल शाईने घातला आणि अर्धा गुण कापला.