दुसऱ्या पायदानाची बदनामी

जुनी इंग्रजी गाणी ऐकणाऱ्यांच्या आमच्या ग्रुपवर एक पोस्ट दर दोन-तीन महिन्यांनी उगवते. फॉरवर्ड करणारा दरवेळी वेगळा, मजकूर तोच. सार असं: तबकड्यांच्या खपावरून दर आठवड्याला निघणाऱ्या यादीत जगातली खरी थोर गाणी कधी नंबर एकवर जात नाहीत, ती दोनवर अडकतात. 'व्हिएन्ना'सारख्या गाण्याला 'शडप यू फेस'सारख्या फालतू गाण्याने महिनाभर अडवून धरलं. बीटल्सना कुणा अनोळखी गायकाने हरवलं, तेही बीटल्सची तबकडी दुप्पट खपत असताना. सेक्स पिस्टल्स या बँडचं गाणं कट रचून खाली ओढलं. नंबर एकची गाणी आज कुणाला आठवत नाहीत, दोनची अजरामर झाली. आणि शेवटी ठळक अक्षरांत: श्रोत्यांना अक्कल नसते, याचा हा पुरावा.

पोस्टमधल्या गाण्यांवर माझं पोस्टकर्त्याइतकंच प्रेम आहे. भांडण आहे ते हिशेबाशी. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

'व्हिएन्ना'पासून सुरुवात करावी लागेल, कारण तोच पोस्टचा हुकमी एक्का. अल्ट्राव्हॉक्स या बँडचं हे गाणं 1981 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ब्रिटनच्या यादीत चार आठवडे दुसऱ्या क्रमांकावर होतं. यातला पहिला आठवडा पोस्टवाले सोयीने विसरतात. त्या आठवड्यात वर होतं बीटल्समधल्या जॉन लेननचं 'वुमन'. लेननचा खून 8 डिसेंबर 1980 ला झाला. त्यानंतर ब्रिटनमधल्या दुकानांतून त्याच्या तबकड्या अशा उचलल्या जात होत्या की जानेवारीत 'इमॅजिन' वर, मग 'वुमन' वर. शोकात असलेल्या लोकांनी लेनन विकत घेतला, यात अभिरुचीचा अपमान कुठे आला?

उरलेले तीन आठवडे मात्र खरोखर 'शडप यू फेस'चे. अमेरिकेत जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेल्या जो डॉल्चे या गायकाचं हे गाणं, स्थलांतरित इटालियन आईच्या बोलण्याची नक्कल करणारं. ते थोर आहे असं मी म्हणणार नाही. पण हसू येतं, आणि एकदा डोक्यात शिरलं की दोन दिवस निघत नाही. त्यासमोर 'व्हिएन्ना' म्हणजे जवळजवळ पाच मिनिटांचं, संथ, मध्येच व्हायोलाचा तुकडा असलेलं गाणं. त्यात ते ज्या अल्बममधलं, तो अल्बम 1980 च्या जुलैमध्येच बाजारात आलेला. म्हणजे बँडच्या कट्टर चाहत्यांच्या घरी हे गाणं सहा महिने आधीपासून वाजत होतं. सिंगल, म्हणजे त्या एका गाण्याची सुटी तबकडी, घ्यायला गेले ते बाकीचे. तरीही ते दोनवर पोचलं आणि चार आठवडे तिथून हललं नाही. याला बेकदर म्हणायचं? शिवाय 1981 या अख्ख्या वर्षाचा खप मोजला तर 'व्हिएन्ना' पाचव्या स्थानावर आहे, आणि 'शडप यू फेस' त्याच्या मागे. एक गाणं तीन आठवडे सपाटून खपलं, दुसरं जास्त काळ खपत राहिलं. आठवड्याची यादी पहिल्याला मुकुट देते, कारण ती आठवड्याची यादी आहे.

यादी म्हणजे काय हे इथेच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा गोंधळ त्यातून होतो. ब्रिटनमधली पहिली यादी न्यू म्युझिकल एक्स्प्रेस या साप्ताहिकाने 14 नोव्हेंबर 1952 ला छापली. त्यासाठी पर्सी डिकिन्स नावाच्या माणसाने वीसेक दुकानांना फोन करून विचारलं: या आठवड्यात काय खपलं? बस. (योगायोग असा की त्याच वर्षी डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. गाण्याच्या क्रमांकासाठी 'पायदान' हा शब्द आपल्याला त्यांनीच दिला.) पुढे मेलडी मेकर या साप्ताहिकाने आपली यादी काढली, रेकॉर्ड रिटेलर या व्यापारी पत्राने आपली. दुकानं वेगळी, मोजणी वेगळी, निकाल वेगळे. बीबीसी आणि व्यापारातले लोक मिळून एकच यादी मानू लागले ते 1969 च्या फेब्रुवारीत. त्याआधी 1960 पासूनच्या काळासाठी आज 'अधिकृत' म्हणून धरली जाते ती रेकॉर्ड रिटेलरची यादी, आणि ती निवड मागाहून झालेली आहे.

याचा परिणाम बघा. 1963 मध्ये बीटल्सचं 'प्लीज प्लीज मी' न्यू म्युझिकल एक्स्प्रेस आणि मेलडी मेकर दोन्हींत पहिलं आलं. रेकॉर्ड रिटेलरमध्ये दुसरं. म्हणून 2000 साली बीटल्सच्या नंबर एक गाण्यांचा संग्रह निघाला तेव्हा त्यातल्या 27 गाण्यांत 'प्लीज प्लीज मी' नाही. त्या काळी ज्यांनी ते नंबर एक म्हणून वाचलं, त्यांना कुणी विचारायला गेलं नाही. रोलिंग स्टोन्सच्या 'नाइन्टीन्थ नर्व्हस ब्रेकडाउन'चंही तसंच: एका यादीत पहिलं, दुसरीत दुसरं. अशा गाण्यांना 'थोडक्यात हुकलेली' म्हणताना कोणत्या कागदावर हुकली हे आधी सांगायला हवं.

आता बीटल्सचा मुद्दा. हा नीट पाहण्यासारखा आहे.

1967 च्या फेब्रुवारीत 'पेनी लेन' आणि 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर आली. तोवर रेकॉर्ड रिटेलरच्या यादीत बीटल्सच्या ओळीने अकरा तबकड्या पहिल्या आल्या होत्या. ही बारावी दोनवर थांबली, कारण वर होतं एंगलबर्ट हंपरडिंकचं 'रिलीज मी'. पोस्ट म्हणते, दोन बाजू वेगवेगळ्या मोजल्यामुळे दुप्पट खप असूनही बीटल्स हरले. पण ज्या यादीच्या जोरावर आपण या तबकडीला 'दुसरी' म्हणतो, त्या यादीत दोन्ही गाणी एकाच ओळीत, एकच नोंद म्हणून आहेत. बाजू वेगळ्या मोजण्याची रीत होती ती अमेरिकेत, तिथली यादी काढणाऱ्या बिलबोर्डकडे. तिथे 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' आठवं आलं आणि 'पेनी लेन' पहिलं! जिथे तुकडे केले तिथे बीटल्स जिंकले, आणि जिथे एकत्र धरले तिथे दुसरे आले. आणि ब्रिटनमध्येच मेलडी मेकरच्या यादीत ही तबकडी पहिली होतीच.

'दुप्पट खप' हे खरं मानायचं तर आणखी एक अडचण येते. 'रिलीज मी' ही 1967 मध्ये ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त खपलेली सिंगल आहे. सहा आठवडे पहिली, आणि यादीत सलग 56 आठवडे. वर्षाहून जास्त! या गाण्याचा पराभव म्हणजे लॉटरी हुकणं नव्हे, त्या वर्षीच्या गामा पहिलवानाशी गाठ पडणं आहे.

आणि तो 'अनोळखी गायक'? त्याचं खरं नाव अर्नोल्ड जॉर्ज डॉर्सी, जन्म 1936, मद्रास. हो, आपलं मद्रास. बरीच वर्षं जेरी डॉर्सी या नावाने गात राहिला, मध्ये क्षयाने गाठलं, हाती फारसं काही लागलं नाही. मग टॉम जोन्सचा व्यवस्थापक गॉर्डन मिल्सने त्याला 'हॅन्सेल आणि ग्रेटेल' या ऑपेराच्या जर्मन संगीतकाराचं नाव चिकटवलं. असल्या जिभेची बोबडी वळवणाऱ्या नावाच्या माणसाने, अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत आधीच मुरलेलं एक सरळसोट विरहगीत गाऊन बीटल्सना थोपवलं. मला तरी ही गोष्ट श्रोत्यांच्या मूर्खपणाची वाटत नाही. 1967 म्हणजे फक्त फुलं माळलेली पोरं, असं आपण नंतरच्या माहितीपटांवरून समजतो. पण तबकड्या त्यांच्या आयांनीही घेतल्या, मावश्यांनीही घेतल्या. त्यांचे पैसेही तितकेच खरे होते. 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' माझ्या मते बीटल्सच्या पहिल्या तीन गाण्यांत येतं. पण मावशीला 'रिलीज मी' आवडलं म्हणून तिची अक्कल काढायचा अधिकार मला त्यातून मिळत नाही.

कटाचा मुद्दा. इथे मी निम्मी हार मानतो. 1977 च्या जूनमध्ये राणीच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव चालू असताना सेक्स पिस्टल्सचं 'गॉड सेव्ह द क्वीन' दोनवर होतं, रॉड स्ट्युअर्ट एकवर. बीबीसीने ते वाजवायला नकार दिला होता, मोठ्या दुकानसाखळ्यांनी ठेवायला. काही ठिकाणी लावलेल्या यादीत त्याची ओळ चक्क कोरी होती. न्यू म्युझिकल एक्स्प्रेसने त्याच आठवड्यात त्याला पहिलं दिलं. संशय घ्यायला जागा आहे, आणि तो मीही घेतो. पण या एका गाण्यावरून सगळ्या दुसऱ्या पायदानाला कटाचं लेबल लावता येत नाही. आणि बंदीचा दुसरा पैलू आपल्याला वेगळा सांगायला नको. 1952 मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं, आणि अख्खा देश काटा फिरवून सिलोन लावू लागला. पिस्टल्सची तबकडी बंदी असूनही दोनवर गेली की बंदीमुळे, यावर एक संध्याकाळ सहज निघेल.

'फालतू गाणी थोर गाण्यांना अडवतात' हा नियम तपासायला एकच बँड पुरे: क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायवल. अमेरिकेच्या हॉट 100 यादीत यांच्या पाच तबकड्या दोनवर थांबल्या, एकही पहिली झाली नाही. 'ग्रीन रिव्हर'ला अडवलं 'शुगर शुगर'ने, म्हणजे कार्टूनमधल्या बँडने. पोस्टवाले खूश. पण 'ट्रॅव्हलिन बँड'च्या वर होतं सायमन आणि गारफंकेलचं 'ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर'. 'लुकिन आउट माय बॅक डोअर'च्या वर डायना रॉसचं 'एन्ट नो माउंटन हाय इनफ'. ही फालतू आहेत का? आणि 'बॅड मून रायझिंग', जे अमेरिकेत दुसरं, तेच ब्रिटनमध्ये 1969 च्या सप्टेंबरात तीन आठवडे पहिलं. गाणं तेच, अटलांटिक ओलांडताना थोर व्हायचं थांबलं की काय! डिलनचं 'लाइक अ रोलिंग स्टोन' दोनवर थांबलं ते बीटल्सच्या 'हेल्प!'खाली. स्प्रिंगस्टीनचं 'डान्सिंग इन द डार्क' प्रिन्सच्या 'व्हेन डव्ह्ज क्राय'खाली. अशा वेळी रडायचं कुणासाठी?

एक गुण मात्र पोस्टच्या पदरात टाकतो. 1995 मध्ये पल्पचं 'कॉमन पीपल' आणि ओअॅसिसचं 'वंडरवॉल', दोन्ही दोनवर अडकली, आणि दोन्ही वेळा वर होते रॉबसन आणि जेरोम हे टीव्हीवरचे दोन नट, जुनी गाणी पुन्हा गाऊन. दात-ओठ मीही खातो. पण कारण उघड आहे: एरवी वर्षात एकही तबकडी न घेणारी घरं मालिकेच्या प्रेमापोटी त्या आठवड्यात दुकानात गेली.

राहिला 'एकची विसरली, दोनची उरली' हा मुद्दा. इथे पोस्ट सरळ हातचलाखी करते. दोनवर थांबलेल्या गाण्यांतली ऐंशी टक्के तुम्हाला-मला ठाऊकच नाहीत (टक्केवारी माझ्या चिडचिडीची, कुठल्या अभ्यासाची नव्हे). जी आठवतात तेवढीच वेचून हार केला तर तो सुंदर दिसणारच. क्वीनचीच गोष्ट घ्या, ज्यांचा गायक पाचगणीच्या शाळेत शिकला म्हणून आपण त्यांना अर्धे घरचे मानतो. 'किलर क्वीन', 'समबडी टू लव्ह', 'वी आर द चॅम्पियन्स', 'रेडिओ गा गा' ही सगळी ब्रिटनमध्ये दुसरी. पण 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' 1975-76 मध्ये नऊ आठवडे पहिली होती, आणि तिला खाली उतरवलं आबा या बँडच्या 'मामा मिया'ने. ज्या गाण्यात 'मामा मिया'चा गजर आहे, त्याला त्याच नावाच्या गाण्याने! यातलं कोणतं विसरलेत लोक?

आणि व्हॅमचं 'लास्ट ख्रिसमस'. 1984 च्या नाताळात ते दोनवर राहिलं, वर होतं इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी केलेलं 'डू दे नो इट्स ख्रिसमस', ज्यात व्हॅमचा गायक जॉर्ज मायकल स्वतः गायला होता. स्वतःच्याच आवाजाखाली अडकलेला हा माणूस. आपल्या गाण्याची कमाईही त्याने दुष्काळालाच दिली. ते गाणं शेवटी पहिलं झालं 1 जानेवारी 2021 ला, तो गेल्यानंतर चार वर्षांनी.

'व्हिएन्ना'लाही उशिरा का होईना मुकुट मिळाला. बीबीसी रेडिओ 2 ने श्रोत्यांना विचारलं की दोनवर राहिलेलं तुमचं सर्वांत लाडकं गाणं कोणतं. 2013 च्या पहिल्या दिवशी निकाल लागला, आणि अल्ट्राव्हॉक्स पहिले आले. मत देणारे तेच, पोस्टमधले बिनअकलेचे श्रोते. त्यांतल्या किती जणांच्या माळ्यावर जो डॉल्चेची तबकडी धूळ खात पडली होती, ते मात्र त्यांना कुणी विचारलं नाही.