दिसतंच आहे

"दिसतंच आहे," असं ते काका म्हणाले आणि सर्व्हिस सेंटरमधली सगळी रांग हसली. रांगेचं सोडा, रांगेला दुसरा उद्योग नव्हता. पण काउंटरवरची ती मुलगीसुद्धा हसली, जिने तासाभरात कुणाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं. आज तिसरा दिवस आहे. काकांना द्यायची चोख उत्तरं मला आत्ता कुठे सुचताहेत.

प्रकार एवढाच, की इस्त्री तापेनाशी झाली आणि तिची वॉरंटी परवा संपत होती. यंत्रांना ही तारीख बरोब्बर कशी कळते देव जाणे. मला लग्नाचा वाढदिवस लक्षात राहत नाही, आणि इस्त्री दिवस मोजून बसलेली असते.

आधी हेल्पलाइन करून पाहिली. 'इतर तक्रारींसाठी नऊ दाबा.' दाबलं. 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे वाक्य एकवीस वेळा ऐकलं. इतक्यांदा माझं महत्त्व घरातही कुणी मान्य केलेलं नाही. मधल्या वेळात बासरी. मग बासरी थांबली आणि चक्क जिवंत माणूस बोलला, "हॅलो!" मी इतका भारावलो की मीही नुसतं "हॅलो" म्हणालो, आणि फोन कट. दुसऱ्या खेपेला उत्तर मिळालं: वस्तू घेऊन समक्ष या.

या नऊ दाबा प्रकरणाचं मूळ, गंमत म्हणजे, एका वैतागलेल्या ग्राहकातच आहे. अमेरिकेतला आल्मन स्ट्रोजर. धंदा अंत्यसंस्कारांची व्यवस्था करण्याचा. तेव्हा प्रत्येक फोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर हाताने जोडून द्यायची. आपल्याला येणारे फोन ती प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा स्ट्रोजरला संशय आला. ती त्या प्रतिस्पर्ध्याची बायकोच होती असंही सांगतात. म्हणजे मयत याच्या वाट्याची आणि खांदेकरी त्याचे! त्याने ऑपरेटरशी भांडण केलं नाही, ऑपरेटरच नको असं यंत्र बनवलं. १८९१ साली त्याला स्वयंचलित एक्स्चेंजचं पेटंट मिळालं. एका माणसाने मधलं माणूस काढून टाकलं आणि आज मी बासरी ऐकत बसलोय. स्ट्रोजरचा राग मला समजतो, पण त्याने जरा दमाने घ्यायला हवं होतं.

तर समक्ष गेलो. काउंटर चार. त्यातल्या तिनांवर 'बंद' अशी पाटी. त्यातल्या एका बंद पाटीमागे एक गृहस्थ बसले होते, ते कागदांचे कोपरे जुळवत होते. माझा टोकन नंबर ४७. पडद्यावर ४६. मी मनात म्हटलं, आलाच नंबर.

४६ म्हणजे काका.

"मॉडेल नंबर सांगा, काका," मुलगी म्हणाली.

"सांगतो ना बाळा. आधी आवाज कसा येतो ते तर ऐक."

वस्तू टेबलफॅन होती. ती त्यांनी आणलीच नव्हती, ती घरी होती. काका स्वतःच पंखा झाले. दोन्ही हात कमरेवर ठेवले, मान सावकाश डावीकडे नेली, टोकाला पोचल्यावर टाळूला जीभ लावून 'टुक्' केलं, आणि तितक्याच सावकाश मान उजवीकडे आणली. उजव्या टोकाला काही नाही.

"पाहिलंस? उजवीकडे अगदी सज्जन. डावीकडे गेला रे गेला की टुक्."

"कधीपासून येतोय आवाज?"

इथे ती चुकली. नवी असावी. 'कधीपासून' हा प्रश्न काही माणसांना विचारायचा नसतो.

"त्याचं काय झालं..." काका म्हणाले आणि त्यांनी काउंटरवर कोपर टेकलं. मराठी माणसाने 'त्याचं काय झालं' म्हणून कोपर टेकलं की शहाण्याने खुर्ची शोधावी. मी शोधली. सगळ्या भरलेल्या होत्या.

पंख्यावरून गोष्ट पंखा आणणाऱ्या मेव्हण्यावर गेली, मेव्हण्यावरून त्याच्या बदलीवर, बदलीवरून तिथल्या पाण्यावर, पाण्यामुळे गेलेल्या मेव्हण्याच्या केसांवर. आता केसांवरून परत पंख्याकडे यायला रस्ता आहे, टक्कल वारा खातं वगैरे. पण काका त्या वाटेला गेले नाहीत. ते केस लावून देणाऱ्या डॉक्टरांकडे वळले.

"बिल आहे का, काका?" मुलीने मध्येच दोर टाकून पाहिला.

"बिलाचीच तर गंमत आहे!"

गंमत अकरा मिनिटं चालली. घड्याळ लावून सांगतो. बिल तिच्यात शेवटपर्यंत आलं नाही.

एव्हाना रांगेची समिती झाली होती. टोकन ४९ ने बेअरिंग गेल्याचं निदान केलं. एका बाईंनी 'तेल घालून पाहिलंत का' विचारलं. काकांनी त्यांच्यासाठी पंखा पुन्हा करून दाखवला. कुणीतरी शंका काढली, की डावीकडे म्हणजे पंख्याच्या की बघणाऱ्याच्या? या प्रश्नाने काका खरोखर हलले. त्यांनी पाठ फिरवून, रांगेसारखंच तोंड करून, तिसऱ्यांदा टुक् केलं. मी हसलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

मुलगी टाइप करत होती, तेवढ्यात मोकळे झालेले काका माझ्याकडे वळले. "तुम्ही काय आणलंय?"

"इस्त्री."

"तापत नाही?" त्यांनी मला कॉलरपासून खालपर्यंत सावकाश पाहिलं, पंखा मान फिरवतो तसं. "दिसतंच आहे."

रांगांचं गणित फार जुनं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा गणिती होता. येणाऱ्या फोनांवरचा त्याचा पहिला शोधनिबंध १९०९ सालचा, आणि रांगेचं शास्त्र तिथून सुरू झालं. पुढे १९३० मध्ये पोलाचेक नावाच्या गणितीने थांबण्याच्या वेळेचं सूत्र मांडलं, त्याचा अर्थ मला त्या दिवशी उभ्याउभ्या कळला. एका काउंटरवर सरासरी किती वेळ लागतो यावरच तुमचं थांबणं ठरत नाही, तो वेळ किती वरखाली होतो यावरही ठरतं. चार जणांना पाच-पाच मिनिटं लागली तर सरासरी पाच. तिघांना एकेक मिनिट आणि चौथ्याला सतरा लागली, तरी सरासरी पाचच. कंपनीच्या तक्त्यात दोन्ही दिवस सारखेच गोजिरे. पण त्या चौथ्याच्या मागे जो उभा असतो, त्याचा तक्ता कुणी काढत नाही.

आणि खरं सांगायचं तर काकांवर माझा तेवढा राग नाही. म्हणजे आहे, पण पहिला नंबर त्यांचा नाही. चार काउंटर बांधायचे आणि माणूस एक बसवायचा, हे कुणीतरी पंख्याखाली बसून, आवाज न करणाऱ्या पंख्याखाली बसून, ठरवलेलं आहे. त्या मुलीच्या डोक्यावर 'हसतमुख सेवा' अशी पाटी लावलीये. काकांना 'पुरे' म्हणायची तिला मुभा नाही, कारण ग्राहक दुखावतो. काकांना तरी कोण आहे? ते हेल्पलाइनवर सुरुवात करणार 'त्याचं काय झालं' आणि पलीकडून येणार, 'चुकीचा पर्याय निवडला आहे'. तीन काउंटरांचा पगार वाचवायचा आणि ग्राहकाने ग्राहकाकडे दात ओठ खाऊन पाहायचं, अशी ती व्यवस्था आहे. मीही चोख खाल्ले.

पाच वाजले. पडद्यावर ४७ आला.

"नवीन नोंदणी पाचला बंद होते, सर," मुलगी म्हणाली. "उद्या या."

"वॉरंटी आज संपतेय."

"सिस्टीम घेत नाही, सर."

मी बिल दाखवलं, कार्ड दाखवलं, हेल्पलाइनचा तक्रार क्रमांक दाखवला. सगळं एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, तारखेनुसार लावलेलं होतं. आवाज चढवला नाही, पाल्हाळ लावलं नाही, मेव्हणा काढला नाही. तिने तितक्याच सभ्यपणे पुन्हा 'सिस्टीम' म्हटलं.

तेवढ्यात दारापर्यंत गेलेले काका परत आले. "एक राहिलंच बाळा, तो पंखा कधीकधी टुक्-टुक् असं दोनदाही करतो. यांचं काय अडलंय?"

तिने सांगितलं. मला सांगताना जे चार शब्द लागले होते, त्याचे काकांसाठी चाळीस झाले. काकांनी विचार केला. "माझी नोंद अजून उघडीच आहे ना तुझ्यासमोर? मग तिच्यातच घाल की यांची इस्त्री. एकाच घरातली समज."

आणि तिने घातली! सिस्टीमने निमूट घेतली. दोन मिनिटांत पावती हातात आली. वस्तू दोन: टेबलफॅन, इस्त्री. ग्राहकाचं नाव काकांचं. मोबाइल नंबर काकांचा. मी आभार मानले, आणि ते मानताना जे वाटलं त्याला मराठीत शब्द नाही. काकांनी माझा नंबर मागून घेतला. "मेसेज मलाच येणार ना. कळवतो."

आज सकाळी साडेसहाला फोन वाजला.

"इस्त्रीचा मेसेज आलाय," काका म्हणाले.

मी अंथरुणात उठून बसलो. "काय म्हणताहेत?"

"सांगतो ना. पण आधी पंख्याचं ऐका. त्याचं काय झालं..."