वाडा दाखवतात डिसेंबरात

जुना दगडी वाडा विकणारा माणूस तुम्हाला जुलैत कधीच बोलावत नाही. त्याचा फोन दिवाळी उरकली की येतो. तेव्हा हवा छान असते, भिंती वाळलेल्या असतात आणि कौलांमधून माजघरात उतरलेली उन्हाची तिरीप बघून वहिनी "अय्या!" म्हणतात. ती तिरीप जिथून येते तिथूनच जूनमध्ये पाणी येतं, हे त्या प्रसन्न सकाळी कुणाच्या डोक्यात येत नाही.

भोर, सासवड, मुळशीकडे असा वाडा कुणाच्या नजरेत भरला की गाडीच्या मागच्या सीटवर मला कोंबतात. माझ्या पिशवीत ओळंबा (दोरीला बांधलेलं गवंड्याचं वजन), दाभण आणि एक गोटी असते. एवढ्या भांडवलावर मी तज्ज्ञ.

जाहिरात ठरलेली. 'पेशवेकालीन दगडी वाडा, संपूर्ण जीर्णोद्धार केलेला, पुण्यापासून फक्त ५० मिनिटं.' ही मिनिटं कात्रजच्या बोगद्यापासून, रविवारी पहाटे साडेपाचला मोजलेली असतात. पेशवाई १८१८ साली संपली, पण आपल्याकडे ज्या घराला कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांचं छत, ते घर पेशवेकालीन. वर मंगलोरी कौलं दिसली तर मनात हिशेब करावा. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा पहिला कारखाना काढला १८६५ साली, म्हणजे हे छप्पर तरी कुठल्या पेशव्याने पाहिलेलं नाही. हे एजंटला सांगून उपयोग नसतो. "साहेब, कौलं बदलली असतील, वाडा तोच," असं तो म्हणतो, आणि त्याचं म्हणणं खरंही असू शकतं, ही खरी पंचाईत.

आत शिरायच्या आधी जोत्याच्या पायऱ्या मोजाव्यात. जुन्या माणसांनी जोतं चांगलं कमरेएवढं उचललेलं असतं आणि ओसरीवर जायला चार-पाच पायऱ्या असतात. तुम्हाला दोनच दिसल्या तर उरलेल्या जमिनीखाली आहेत. दर काही वर्षांनी गावातल्या रस्त्यावर काँक्रीटचा नवा थर पडतो, खालचा कुणी खरवडत नाही. रस्ता वर येतो, वाडा होता तिथेच राहतो. पूर्वी वाड्याचं पाणी रस्त्यावर जायचं, आता रस्त्याचं पाणी देवडीत येतं. यावर कुठल्याही जीर्णोद्धाराकडे उपाय नाही, पण दोनच पायऱ्यांचं 'ज्येष्ठांसाठी सोयीचं' असं कौतुक मात्र ऐकायला मिळतं.

मग भिंत. एजंट तिच्यावर थाप मारून म्हणतो, "अडीच फूट जाड आहे साहेब, तोफ मारली तरी हलायची नाही." भोर तालुक्यात तोफ कोण आणणार? भीती पावसाची. अडीच फुटांची भिंत म्हणजे अडीच फूट दगड नव्हे. बाहेरून एक दगडी पदर, आतून एक, आणि मध्ये माती नि दगडगोट्यांची भर. दोन्ही पदरांना धरून ठेवायला अधूनमधून आरपार जाणारे लांब दगड घातलेले असतात, किंवा असायला हवे होते. कौल सरकलं की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत जातं, मधली माती भिजून खाली बसते आणि बाहेरच्या पदराला रेटते. मग भिंतीला पोट सुटतं. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, कारण समोर जास्वंद लावलेली असते. माडीच्या खिडकीतून ओळंबा सोडायचा आणि दोरी ते भिंत हे अंतर वर, मध्ये आणि खाली मोजायचं. मध्ये ते इंच-दीड इंचाने कमी भरलं तर समजायचं. माणसाचं पोट सूर्यनमस्काराने कमी होतं म्हणतात; भिंतीचं उतरवायचं तर दगडांवर नंबर टाकून ती उलगडायची आणि पुन्हा रचायची. जवळच भेग असेल तर तिच्यावर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबायचं. पट्टी तडकली तर भिंत अजून सरकते आहे. एवढं थांबायचं म्हटलं की एजंटला "दुसरी पार्टी मुंबईची आहे" हे आठवतं.

'जीर्णोद्धार' या शब्दाचा खरा अर्थ मात्र दगडांच्या सांध्यांत सापडतो. आपला काळा पाषाण स्वतः फारसं पाणी पीत नाही. भिंतीतली ओल येते-जाते ती चुन्याच्या सांध्यांतून. ठेकेदार येतो, चुना खरवडतो, सिमेंट भरतो आणि हौस म्हणून त्यावर काळ्या रंगाच्या रेघा ओढतो. आत जुनी शेणाची जमीन काढून चकचकीत फरशी बसवतो. झालं. जमिनीतल्या ओलीला खालून वाट नाही, बाहेरून वाट नाही, ती भिंतीतून वर चढते आणि आतल्या अंगाला फुटते. सोबत क्षार आणते, पाणी सुकतं, क्षार मागे राहतात, म्हणजे लोणा लागतो आणि पोपडे पडतात. म्हणून खोलीत भिंतीचा खालचा तीन फुटांचा पट्टा बघायचा. तिथेच ताजा रंग, तिथेच लाकडी पट्ट्या किंवा तिथेच नेमकी वारली चित्रं असली तर तारप्याभोवती फेर धरलेल्या त्या मंडळींच्या मागे काय चाललंय याचा विचार करावा. रुपयाने टकटक केलं तर सुटलेलं प्लास्टर पोकळ वाजतं. यजमान चहा आणायला गेल्यावर करावं.

चुन्याचं काम कुणी केलंय का, असं विचारलं तर उत्तर येतं, "चुना आता कुठे मिळतो?" मिळतो. वेळ मिळत नाही. कळीचा चुना विझवून पंधरा दिवस तरी भिजत ठेवायचा, एकास दोन ते तीन या मापाने वाळू किंवा विटांची सुरकी, म्हणजे भुकटी, घालून चुन्याच्या घाण्यात मळायचा, हिरडा-गुळाचं पाणी द्यायचं, पातळ थर लावायचा आणि गोणपाट ओलं ठेवून पुढच्या थराची वाट बघायची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढत सावकाश घट्ट होतो. त्याला पुण्याच्या माणसासारखी दुपारी घाई केलेली चालत नाही. हे सगळं समजावल्यावर एकच प्रश्न येतो. "गुळाला मुंगळे नाही ना लागणार?"

लाकडाचं थोडक्यात. सागवानी खांबाला हात लावून "काय जुनं लाकूड!" म्हणू नये. खांब तळखड्यावर, म्हणजे पायाच्या दगडावर, उभा असतो, त्याला वारा लागतो, तो टिकतो. सडतं ते तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक. दाभण तिथे खुपसायचं. लोण्यात गेल्यासारखं गेलं तर नवं गडद पॉलिश कशासाठी केलं ते कळतं. गोटी माडीच्या जमिनीवर सोडायची. ती नेहमी एकाच कोपऱ्याकडे पळत असेल तर त्या कोपऱ्याखाली झोपू नये.

हे सगळं पार पडलं की कागद बाहेर येतात, आणि दगडापेक्षा कागद कठीण. वाडा गावठाणात असेल तर सातबारा नसतो; मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मागायची. ती नसली की ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा पुढे करतात. तो कर आकारणीचा कागद, मालकीचा नव्हे. वाडा शेतजमिनीवर असेल तर घेणारा शेतकरी हवा, नाहीतर १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ खाली आधी परवानगी. इथे कोथरूडच्या तीन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये जन्म काढलेला माणूस एकदम रत्नागिरीच्या चुलतभावाला फोन लावून आजोबांच्या दोन गुंठ्यांची चौकशी करतो. चुलतभाऊ सावध होतो, तो कायमचाच.

सातबाऱ्यावर सतरा नावं. त्यातल्या एका नावामागे 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, अल्पवयीन वारसाचा पालक. प्रत्यक्षात त्या अज्ञान बालकाला आता नातवंडं आहेत आणि चहा तोच देतो. बहिणींची नावं बघायचीच. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि सही राहिलेली आत्या खरेदीखतानंतरच सापडते. इतर हक्कांचा रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. तिथे सोसायटीचा बोजा, शेजाऱ्याची वहिवाट, विहिरीतला चार आणे हिस्सा असं काय काय नांदत असतं. आणि पैसे देण्याआधी भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी करून घ्यायची. जीर्णोद्धारात बांधलेलं अटॅच्ड बाथरूम कुणाच्या गटात आहे ते तेव्हा समजतं.

संध्याकाळी निघताना मालक हात जोडून विचारतो, "मग काय ठरलं?"

"वाडा छान आहे. एकदा ऑगस्टात येऊन बघतो."

"ऑगस्टात?" तो दचकतो. "ऑगस्टात ओढ्यातून गाडी येत नाही हो."