गीझरच्या कॉइलवरचा पांढरा थर

गेल्या रविवारी आमचा गीझर बसला. प्लंबरने कॉइल बाहेर काढली तर तिच्यावर बोटभर पांढरा थर. "बोअरचं पाणी ना? क्षार बसलेत," म्हणत त्याने पान्याचे दोन ठोके दिले आणि खपल्या फरशीवर पडल्या. इकडे सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून एका काकांशी माझी जुंपलेली. त्यांचं म्हणणं, "कार्बन डायऑक्साइड वाढला तर वाढू दे. पृथ्वी बघून घेईल, तिने याहून मोठं पचवलंय."

गंमत अशी की काका खोटं बोलत नव्हते. पृथ्वी कसं बघून घेते त्याचा पुरावा माझ्याच बाथरूममध्ये पडला होता.

पावसाचं पाणी मुरताना मातीतल्या मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो. पाणी किंचित आंबट होतं. ते आपल्या काळ्या कातळाला कुरतडतं, त्यातलं कॅल्शियम सोडवतं. दोघंही विरघळलेल्या रूपात बोअरमध्ये येतात आणि पाणी तापलं की चुना होऊन कॉइलला चिकटतात. एका खपलीवर लिंबू पिळून पाहिलं, फसफसली. तो फेस म्हणजे कधीतरी हवेतून झाडात आणि झाडातून मातीत गेलेला कार्बन, परत हवेत चाललेला. नदीवाटे समुद्रात पोचला असता तर एखाद्या शिंपल्यात अडकला असता, पुढे चुनखडक झाला असता.

आपला हा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा होऊन आला. येताना त्याने प्रचंड कार्बन डायऑक्साइड ओकला आणि थंड झाल्यावर तोच वायू गिळत बसला. अजून बसलाय.

पण किती सावकाश! जगभरचे दगड मिळून वर्षाला साधारण १ अब्ज टन गिळतात. आपण कोळसा, तेल, गॅस जाळून सोडतो सुमारे ३७ अब्ज टन. (काकांचा लाडका मुद्दा ज्वालामुखी. आजचे सगळे ज्वालामुखी मिळून आपण सोडतो त्याच्या एक टक्काही सोडत नाहीत.) समुद्र आणि जंगलं निम्मा भार उचलतात म्हणून निभावतंय, आणि त्यापायी समुद्र आंबट होत चाललाय. उरलेला निम्मा हवेतच राहतो.

हे कोणाच्या मनातलं नाही, मोजलेलं आहे. हवाईतल्या मौना लोआ या डोंगरावर चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये मोजायला सुरुवात केली तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे ३१५ च्या आसपास होते. २०२४ ची सरासरी ४२४ च्या वर. अंटार्क्टिकाच्या बर्फात कोंडलेली जुनी हवा तपासली तर कारखानदारीच्या आधीच्या आठ लाख वर्षांत हा आकडा ३०० च्या फारसा पुढे गेलेला दिसत नाही. १९६४ मध्ये पैशाअभावी कीलिंग यांची मोजणी काही महिने थांबली होती, ती फट आलेखात आजही आहे. असल्या कामाला पैसे नसतात, हे तेव्हाही तसंच.

तेव्हा काका, पृथ्वी बघून घेईलच. तिला लाखभर वर्षं लागतील, आणि तिला कसलीच घाई नाही. आपल्याला उद्या सकाळी आंघोळ करायचीय.

एवढं सगळं ग्रुपवर टाकलं. तासाभराने काकांचं उत्तर आलं: "प्लंबरने किती घेतले?"